दारापासून फाटकापर्यंत: मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. लालबाग-परळच्या जुन्या इमारतींपासून मुलुंड-बोरिवलीच्या टॉवरपर्यंत माझं रोजचं जाणं-येणं असतं. ज्यांच्याकडे जाते त्यांच्यात पक्षाघातातून सावरणारी माणसं आहेत, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली आहेत, गुडघे बदललेली आहेत, आणि दमा किंवा सीओपीडीमुळे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसांच्या आजारामुळे, स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत गेलं तरी धाप लागणारीही आहेत. कोणाच्या हातात वॉकर असतो, कोणी व्हीलचेअरवर असतं, कोणाच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र चालू असतं.

हे पत्र महापालिकेला लिहावं असं आधी मनात होतं. फुटपाथ, पेव्हर ब्लॉक, उखडलेले रस्ते यांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण माझे बहुतेक रुग्ण फुटपाथपर्यंत पोचतच नाहीत. घराचं दार आणि सोसायटीचं फाटक यांच्यामधल्या पन्नास-शंभर पावलांतच त्यांचं चालणं थांबतं. घरच्यांनी पदराला खार लावून न्हाणीघरात दांडे बसवलेले असतात, कमोडची खुर्ची आणलेली असते, वॉकर घेतलेला असतो. व्यायामही नियमाने होतात. आणि मग मी म्हणते, "आजींना आता खाली कट्ट्यापर्यंत नेऊ या," तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. दाराबाहेरची ती जागा ना हॉस्पिटलच्या हातात आहे, ना कुटुंबाच्या. ती तुमच्या ताब्यात आहे.

लिफ्टपासूनच सुरुवात करते. मुंबईत इमारतीचं जोतं उंच घेतात, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस ज्यांनी झेलला, ते या उंचीला नावं ठेवणार नाहीत. पण त्यामुळे लिफ्ट जोत्यावर सुरू होते आणि लिफ्टच्या दारापासून आवारापर्यंत चार-पाच पायऱ्या उरतात. सातव्या मजल्यावरची बाई लिफ्टने व्यवस्थित खाली येते आणि या पाच पायऱ्यांपाशी अडते. वॉकरचे चारही पाय एका पातळीवर टेकले तरच त्यावर भार टाकता येतो, म्हणून पायरीवर तो निरुपयोगी, उलट धोक्याचा. मग मुलगा एका बाजूने, वॉचमन दुसऱ्या बाजूने, असं उचलून खाली नेतात. मुलगा ऑफिसला गेला की बाई वरच. अशा कितीतरी बायका मी पाहते ज्या डॉक्टरची तारीख आली की तेवढ्यापुरत्या खाली उतरतात.

उताराचा हिशोब अवघड नाही. एक इंच उंची चढायला एक फूट लांबी, म्हणजे १:१२. जोतं अडीच फुटांचं असेल तर तीस फुटांचा उतार लागतो. तो सरळ मावत नसेल तर मध्ये सपाट थांबा देऊन वळवता येतो. आज अनेक सोसायट्यांत उतार आहे खरा, पण तो स्कूटर चढवण्यासाठी आणि कचऱ्याचे डबे ओढण्यासाठी केलेला असतो. पाच-सहा फुटांत अडीच फूट चढतो, वर गुळगुळीत लादी, बाजूला धरायला काही नाही. त्यावरून व्हीलचेअर उतरवताना नर्सिंग ब्युरोतून रुग्णसेवेला आलेल्या ताईंच्या दंडाला रग लागते आणि खुर्चीतल्या माणसाचा जीव मुठीत असतो. कृपा करून असा उतार दाखवून "आमच्याकडे रॅम्प आहे" असं म्हणू नका. एकदा टेप घेऊन मोजा. जागाच नसेल तर चार-पाच फूट वर-खाली होणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट मिळते, तिचा विचार करा. आणि तोवर निदान आहे त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावा.

दोन्ही बाजूंनी का, हे नीट सांगते, कारण समितीच्या सभेत नेमका हाच खर्च कापला जातो. पक्षाघातात उजवी बाजू गेलेल्या माणसाला डाव्या हाताचाच आधार असतो. चढताना कठडा डावीकडे असेल तर तो चढतो. उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो, म्हणजे निकामी हाताकडे. एका बाजूच्या कठड्यावर तो वर जाऊ शकतो, पण खाली येऊ शकत नाही. घरचे म्हणतात, "चढतात छान, उतरायला घाबरतात." त्यांच्या धीराला काही झालेलं नसतं, त्यांना धरायला काही नसतं. शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर कठडा वाढवलेला असेल तर शेवटचं पाऊल टाकतानाही हात सुटत नाही. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणाऱ्या रंगाची खरखरीत पट्टी मारली तर मोतीबिंदू झालेल्याला पायरी कुठे संपते ते कळतं. पायरी दिसली नाही म्हणून खुबा मोडलेली माणसं माझ्याकडे कमी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार पडण्यामुळे जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो.

आणखी एक रोजचं दृश्य. सकाळी लॉबी फिनेलच्या पाण्याने पुसली जाते आणि नेमक्या त्याच वेळी म्हातारी माणसं ऊन खायला उतरतात. वॉकरच्या पायांना खाली रबरी बूट असतात. ते झिजून आतला ॲल्युमिनियमचा कड बाहेर आलेला असतो, तरी वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. ओली मार्बल लादी आणि उघडा धातू. पुसण्याची वेळ बदलायला ठराव लागत नाही, सफाई कामगाराशी दोन मिनिटं बोलावं लागतं. रबरी बूट सर्जिकलच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतात. हाताशी असलेली ही दोन कामं तुम्ही उद्याच करू शकता.

आता श्वासाबद्दल. कठडे आणि पायऱ्यांच्या पत्रात श्वास कुठून आला असं वाटेल, पण माझ्या कामात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

शिवडीच्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्य गिरणीत, कापसाच्या धुळीत गेलं, वर विडीची सवय. फुप्फुसं थकलेली आहेत. या काकांनी जिना चढायचा एक रिवाज शिकून घेतला आहे. पायथ्याशी उभं राहून कठडा धरतात. खांदे सैल सोडतात. नाकाने श्वास घेतात, मनात एक-दोन. मग गरम चहावर फुंकर घालताना ओठ होतात तसे ओठ करून सावकाश सोडतात, एक-दोन-तीन-चार, आणि सोडता सोडता दोन पायऱ्या चढतात. थांबतात. पुन्हा श्वास, पुन्हा दोन पायऱ्या. श्वास कुठेही रोखून धरत नाहीत. घाई केली तर मधल्या वळणावर छाती भात्यासारखी उडते, नाही केली तर घरापर्यंत जातात आणि दारात उभे राहून बोलूही शकतात.

यामागचं कारण साधं आहे. सीओपीडीत श्वास आत जायला जेवढा त्रास होतो त्याहून जास्त तो बाहेर पडायला होतो. सोडताना बारीक श्वासनलिका मिटतात, जुनी हवा आत अडकते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. ओठ आवळून सावकाश सोडलं की नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो, त्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. आणि त्याच वेळी हात कशावर तरी टेकलेले असतील, अंग किंचित पुढे झुकलेलं असेल, तर खांद्या-छातीचे स्नायू हात सांभाळण्याऐवजी श्वासाच्या कामाला लागतात. म्हणून धाप लागलेला माणूस आपोआप गुडघ्यांवर हात टेकून वाकतो. म्हणूनच चाकांच्या वॉकरवर हात टेकून चालणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णाला कमी दम लागतो. त्याच्यासाठी वॉकर तोल सांभाळण्यापुरता नसतो. जिन्याचा कठडाही तसाच. तुम्ही कठडा लावता तेव्हा धापेवरही उपाय करत असता.

त्या काकांसाठी शेजाऱ्यांनी पहिल्या मजल्याच्या वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. एके दिवशी सूचना लागली, "सामाईक जागेत खासगी सामान ठेवू नये," आणि खुर्ची गेली. मी समितीची बाजू समजू शकते. आगीच्या वेळी जिना मोकळा हवा, आणि मुंबईत धुराने जिन्यात माणसं गुदमरल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. त्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण प्रश्न खुर्ची काढून संपत नाही. भिंतीला बसवायची दुमडती बैठक मिळते. माणूस उठला की ती भिंतीला चिकटते. वळण रुंद असेल, बाहेर जायची वाट पूर्ण रुंदीने मोकळी राहत असेल, तर ती बसवता येईल का, हे दर जानेवारी आणि जुलैमध्ये तुम्हाला अग्निसुरक्षेचं 'ब' नमुन्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या परवानाधारक एजन्सीला विचारा. "चालणार नाही" असं उत्तर आलं तर मान्य. पण तळमजल्यावर, लॉबीत, आवारात दर तीस-चाळीस पावलांवर टेकायला जागा द्यायला तर कोणाची हरकत नसावी. बसायला मिळेल ही खात्री असली की माणूस चालायला निघतो. दम लागेल याची भीती दमापेक्षा मोठी असते, आणि त्या भीतीने माणूस घरात बसला की पायांचे स्नायू सुकतात, मग खरोखरच दोन पावलांत दम लागायला लागतो. हे चक्र मी फार घरांत पाहिलं आहे.

श्वासाच्या व्यायामांबद्दल एक विनंती तुमच्या क्लबहाउसमध्ये आणि गच्चीवर भरणाऱ्या सकाळच्या योगवर्गांसाठी आहे. हे वर्ग चांगले आहेत. मुंबईला याची परंपरा आहे. १९१८ साली स्थापन झालेली योग इन्स्टिट्यूट आज सांताक्रूझला आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं आणि प्राणायामाला प्रयोगशाळेत मोजून पाहिलं. पण त्या शिस्तीतली तपासणी गच्चीवरच्या वर्गात बहुतेकदा होत नाही, आणि सरसकट सगळ्यांना कपालभाती करायला लावतात. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, यांत जोराचे श्वास आणि श्वास कोंडून धरणं नको. वर्गाला जागा देताना शिक्षकांना एवढंच सांगा की नाव नोंदवताना आजार विचारा. आणि आठवड्यातून एक-दोन दिवस खुर्चीवर बसून करायचा वर्ग ठेवा, तळमजल्यावर, जिथे वॉकरवाले येऊ शकतील. सावकाश श्वास सोडणं, हात वर नेताना घेणं, वाकताना सोडणं, खुर्चीतून उठता-बसता पायांची ताकद वाढवणं, एवढं पुरे आहे.

तीन चेंडूंचं एक यंत्र कोविडनंतर घराघरांत आलं आहे. बरेच जण त्यात फुंकतात. ते तोंडाने हवा आत ओढायचं यंत्र आहे, ऑपरेशननंतर फुप्फुसं पूर्ण फुगावीत यासाठी, आणि चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा सावकाश ओढून थोडा वेळ वर धरायचा असतो. सीओपीडीच्या धापेवर ते औषध नाही. कोणी शिकवलेलंच नसतं, म्हणून असं होतं. दुकानदार वस्तू देतो, वापरायचं कसं ते सांगत नाही.

ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे त्या घराबद्दल तुम्हाला माहिती असणं गरजेचं आहे, कारण ते घर तुमच्या मीटररूमच्या भरवशावर जगतं. हे यंत्र हवेतला नायट्रोजन वेगळा काढून साधारण ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र तीनशे-साडेतीनशे वॉट वीज खातं. ज्यांना डॉक्टरांनी दीर्घकाळ ऑक्सिजन लिहून दिला आहे त्यांना तो दिवसातले किमान १५ तास लागतो. आता वीज गेली तर? घरात बी टाइपचा, म्हणजे दीड हजार लिटरचा सिलिंडर असेल तर मिनिटाला दोन लिटरने तो जेमतेम बारा तास पुरतो. अनेक घरांत तोही नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड कोसळली आणि अख्खी मुंबई अंधारात गेली, तेही कोविडच्या ऐन काळात. लोकल थांबल्या हे सगळ्यांच्या लक्षात आहे. घरी यंत्रावर असलेल्या माणसांचे ते तास कसे गेले ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

तुम्ही इथे फार काही करू शकता. बहुतेक टॉवरमध्ये जनरेटर आहे, त्यावर लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालतात. त्यातूनच प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर, क्लबहाउसमध्ये किंवा ऑफिसात एक प्लग पॉइंट आणि एक बैठक राखून ठेवा, जिथे रुग्णाला यंत्रासह आणता येईल. ज्या घरात असं यंत्र आहे त्याची नोंद, घरच्यांच्या संमतीने, सचिवांकडे आणि मुख्य वॉचमनकडे असू द्या. नोटीस बोर्डावर मात्र लावू नका, आजार ही खासगी गोष्ट आहे. मीटररूमचं काम निघालं, केबल बदलायची ठरली, तर या घरांना दोन दिवस आधी फोन करा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला संदेश ऐंशी वर्षांच्या माणसापर्यंत पोचला असं धरून चालू नका. सिलिंडर घेऊन आलेल्या पोऱ्याला फाटकावर ओटीपीसाठी थांबवून ठेवू नका. आणि १०८ची रुग्णवाहिका आली तर ती इमारतीच्या दाराशी लागेल एवढी जागा पार्किंगच्या पट्ट्यांमध्ये कायमची मोकळी ठेवा.

लिफ्टच्या दुरुस्तीचंही तेच. लिफ्ट बदलायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात वरच्या मजल्यावरचा डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा खाली कसा येणार, हे कंत्राटावर सही करण्याआधी विचारा. दोन लिफ्ट असतील तर एकेक करून बदला. एकच असेल तर जिन्यावरून माणसाला बसवून उतरवायची घडीची खुर्ची विकत घेऊन ठेवा आणि वॉचमनना ती वापरायला शिकवा, आगीच्या वेळीही तीच कामाला येईल. आपोआप मिटणारी दारं किती सेकंद उघडी राहतात हे तंत्रज्ञाला सांगून वाढवता येतं. वॉकर घेऊन आत शिरणाऱ्या बाईवर दार आपटतं आणि ती मागे तोल जाऊन पडते, ही घटना एक सेटिंग बदलून टळणारी आहे. आणि रुग्णाबरोबर असलेल्या मावशींना "कामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टने जावं" म्हणून वेगळं पाठवणं तर ताबडतोब बंद व्हायला हवं. व्हीलचेअर एका लिफ्टमध्ये आणि ती ढकलणारी दुसऱ्या लिफ्टमध्ये, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे.

हवेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हिवाळ्यात समुद्राकडचा वारा मंदावला की शहरावर धूळ आणि धूर बसून राहतात. तुमच्या आवाकातलं एवढंच: सुका झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा, झाडांचा पाला आवारात जाळू नका, वॉचमनच्या केबिनमधली मच्छर कॉइल रुग्णाच्या खिडकीखाली असेल तर हलवा, बाजूला बांधकाम सुरू असेल तर ओला पडदा आणि फवारणी होते का ते बघून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. डक्टमध्ये कबुतरांची विष्ठा साचू देऊ नका. तिच्या भुकटीने होणारा फुप्फुसांचा आजार मुंबईतल्या छातीच्या डॉक्टरांना चांगलाच परिचयाचा आहे, आणि त्यात एकदा फुप्फुसं कडक झाली की पुन्हा पूर्वीसारखी होत नाहीत.

आता ज्या गोष्टीत तुम्ही सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त करू शकता ती सांगते. तुमच्या सोसायटीत रुग्णोपयोगी साहित्य केंद्र सुरू करा. मुंबईत कितीतरी गणेशोत्सव मंडळं आणि न्यास असं केंद्र चालवतात: अनामत ठेवून व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी घेऊन जा, काम झालं की परत करा. मोठ्या सोसायटीला हे सहज जमेल. कारण सामान आधीच तिथे आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने वापरलेला वॉकर माळ्यावर जातो. आजोबा गेल्यावर त्यांच्या व्हीलचेअरचं काय करावं हे घरच्यांना कळत नाही, देववतही नाही, ठेववतही नाही. २०२०-२१मध्ये अनेक समित्यांनी ऑक्सिमीटर घेतले, काहींनी वर्गणी काढून कॉन्सन्ट्रेटर घेतले. आज ते ऑफिसच्या कपाटात आहेत. ज्या सोसायट्यांनी त्या दिवसांत घराघरांत डबे आणि औषधं पोचवली, त्यांना हे करायला कोणी शिकवायची गरज नाही.

फक्त दोन पथ्यं पाळा. वर्षानुवर्षं बंद पडलेला कॉन्सन्ट्रेटर तसाच कोणाला देऊ नका. त्यातले नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइटचे खडे मुंबईच्या दमट हवेत ओल धरतात. मग यंत्र घरघरतं, हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. देण्याआधी मीटरने शुद्धता मोजून घ्या, फिल्टर आणि नळी बदला. आणि प्रत्येक वस्तू माणसाच्या मापाने द्या. वॉकर घेऊन सरळ उभं राहिल्यावर, हात खाली सोडले असता, मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ यायला हवी. उंच वॉकरने खांदे कानाला लागतात आणि धाप वाढते, बुटक्या वॉकरने पाठ वाकते. चालताना आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. व्हीलचेअर देताना न्हाणीघराचं दार मोजा. साधारण मोठ्या माणसाची खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि आपल्या जुन्या घरांत ते दार दोन फुटांचं असतं. हे सगळं एका कागदावर मराठी-हिंदीत छापून प्रत्येक वस्तूला बांधा.

ज्यांना विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी योजना आहेत, पण त्यांची माहिती रुग्णापर्यंत जात नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून आहे. राज्याने २०२४मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, त्यात ६५ वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. हाजी अलीला १९५५पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं मापाने बनवून मिळतात. म्हाडाच्या आणि एसआरएच्या इमारतींतल्या समित्यांनी एक रविवार ऑफिस उघडं ठेवून हे अर्ज भरून दिले तर कित्येक हातांत काठी येईल.

पुनर्विकासाला निघालेल्या समित्यांनी हे पत्र विशेष लक्ष देऊन वाचावं अशी माझी इच्छा आहे. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, यावर तुम्ही महिनोन्‌महिने भांडता, आणि भांडायलाच हवं. त्याच करारात चार ओळी घाला: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. एक तरी लिफ्ट स्ट्रेचर मावेल अशी हवी. दारं ९०० मिलिमीटर मोकळ्या रुंदीची, न्हाणीघराची दारं बाहेर उघडणारी किंवा सरकती. लॉबीत व्हीलचेअर वळायला १,५०० मिलिमीटरची जागा. नकाशावर ही रेघ ओढायला जवळजवळ काहीच लागत नाही, भिंती उभ्या राहिल्यावर मात्र फोडाफोड. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आपल्याकडे आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करायला सांगितलं आहे. पण कायदा तुमच्या दारात यायची वाट कशाला बघायची? करार करून आज सही करणारे साठीचे सदस्य नव्या घरात राहायला जातील तेव्हा सत्तरीकडे झुकलेले असतील.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देता आलं. निवडणूक कर्मचारी मतपेटी घेऊन जिने चढून गेले. माझ्या एका आजींनी त्या दिवशी नवी साडी नेसली होती. किती दिवसांनी घरात बाहेरचं कोणी आलं म्हणून त्यांना आनंद झाला होता. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचे पाय चांगले चालतात, मी रोज त्यांना खोलीभर चालवते. जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे.

आर्थिक वर्ष संपलं की ३० सप्टेंबरच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. विषयपत्रिकेवर हा ठराव घ्यावा, हवे ते बदल करून:

"संस्थेच्या प्रत्येक इमारतीत फ्लॅटच्या दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेची पाहणी व्हीलचेअर वापरणाऱ्या किंवा वॉकरने चालणाऱ्या एका सभासदासह, आणि फिजिओथेरपिस्टसह, येत्या दोन महिन्यांत करण्यात यावी. पाहणीत निघालेली कठडे, उतार, बैठका आणि दिव्यांची कामं दुरुस्ती निधीतून प्राधान्याने करण्यात यावीत. वीज खंडित झाल्यास वैद्यकीय यंत्रासाठी राखीव प्लग पॉइंटची सोय करण्यात यावी. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रासाठी जागा आणि एक जबाबदार सदस्य नेमण्यात यावा."

फिजिओथेरपिस्ट शोधायला लांब जावं लागणार नाही. आमच्यापैकी कोणी ना कोणी तुमच्या फाटकावरच्या वहीत रोज नाव लिहून वर जात असतं. वॉचमनला सांगून थांबवा. टेप आमच्या पिशवीत असते, जिना उतरता उतरता मापं घेऊन देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घरोघरी जाणारी एक फिजिओथेरपिस्ट
मुंबई